अमेरिकेत अंगावर पिस्तूल आणि त्याचा परवाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोत १३ जून २०२२ च्या आधी कपड्यांआड पिस्तूल बाळगायचं असेल तर आठ तासांचा वर्ग करावा लागायचा. मग शेरीफच्या (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या) कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे, आणि पार्श्वभूमी तपासून परवाना मिळायचा. त्या तारखेपासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही. मी कोलंबसजवळ राहते. तो वर्ग मी केला होता. तिथे शिक्षकांना विचारले जायचे ते प्रश्न आता मंडळातले लोक मला विचारतात, कधी फोनवर, कधी जेवणाच्या रांगेत. तेच इथे एकत्र केले आहेत. परवाना हवाच असं माझं मत आहे, हे आधीच सांगते. मी वकील नाही. तुमच्यावर खटला असेल किंवा व्हिसाचा प्रश्न गुंतला असेल तर वकिलाकडेच जा.

१. अमेरिकेत बंदूक घ्यायलाच परवाना लागत नाही म्हणतात. मग हा परवाना कसला?

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक नुसती घरात ठेवायलाही परवाना लागतो, म्हणून हा घोळ होतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विकत घेणं आणि घरात ठेवणं यासाठी परवाना नाही. दुकानदाराकडून घेताना संगणकावर पार्श्वभूमी तपासली जाते, तेवढंच. आपण बोलतोय तो परवाना भरलेलं पिस्तूल शर्टाखाली, कोटाच्या खिशात किंवा पर्समध्ये, म्हणजे लोकांना दिसणार नाही असं, घराबाहेर नेण्याचा आहे. उघड्यावर, दिसेल असं बाळगण्याचे नियम वेगळे आहेत आणि ते राज्याराज्यांत बदलतात.

२. परवान्याशिवाय चालतं अशी राज्यं किती?

२९. व्हरमाँटमध्ये असा परवाना कधीच नव्हता. २००३ मध्ये अलास्काने तो सक्तीचा ठेवायचं थांबवलं, २०१० मध्ये ॲरिझोनाने. त्यानंतर रांगच लागली: २०२१ मध्ये टेक्सस, २०२२ मध्ये ओहायो, इंडियाना आणि जॉर्जिया, २०२३ मध्ये फ्लोरिडा, २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना.

बाकीच्या राज्यांत परवाना लागतो, पण तुम्ही अटी पूर्ण केल्यात तर तो द्यावाच लागतो. याला 'शॅल इश्यू' म्हणतात. फ्लोरिडाने १९८७ मध्ये असा कायदा केला आणि तो इतरांनी उचलला. न्यूयॉर्कसारख्या थोड्या राज्यांत अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना मिळे, तो प्रकार २०२२ मध्ये संपला (प्रश्न ३).

३. घटनेतच हक्क दिलाय. मग परवाना मागणं घटनाबाह्य नाही का?

आजचं उत्तर: नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. हा हक्क एकेकट्या माणसाचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, आणि त्याच निकालात हक्क अमर्याद नाही हेही लिहिलं. २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू झाला.

खरा फरक पडला २३ जून २०२२ च्या ब्रूएन निकालाने. न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी 'मला इतरांपेक्षा वेगळा धोका आहे' हे सिद्ध करावं लागायचं. शंभर वर्षांहून जुनी ती अट न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. परवान्याची पद्धत मात्र रद्द केली नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळ्या मतात स्पष्ट केलं की बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहणं आणि प्रशिक्षण या अटी राज्यं घालू शकतात. सरन्यायाधीश रॉबर्ट्स त्यांच्याशी सहमत होते. २०२४ च्या रहिमी निकालात, कौटुंबिक हिंसेवरून ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम आहे त्याला शस्त्रबंदी करता येते, हे ८ विरुद्ध १ मतांनी मान्य झालं.

तेव्हा 'घटनेनेच मला परवाना दिलाय' हे घोषवाक्य आहे. निकालात तसं कुठे लिहिलेलं नाही.

४. मी एच-वन, म्हणजे नोकरीच्या (किंवा एफ-वन, म्हणजे शिक्षणाच्या) व्हिसावर आहे. आमच्या राज्यात परवाना लागत नाही. म्हणजे मी बाळगू शकतो ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात घातक गैरसमज हाच आहे. राज्याने परवाना काढून टाकला म्हणून संघराज्याचा कायदा बदलत नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला पिस्तूलच काय, गोळ्याही जवळ ठेवायला त्या कायद्याने बंदी आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ राज्याचा वैध शिकार परवाना. पण त्याच्या भरवशावर कमरेला पिस्तूल लावून फिरण्याआधी वकिलाशी बोला.

'रेंजवर मित्राच्या पिस्तुलाने चार गोळ्या झाडल्या तर काय होतंय?' असंही विचारतात. रेहाइफ खटला लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेला विद्यार्थी. विद्यापीठाने काढून टाकल्यावर व्हिसाचा आधार गेला, तरी तो राहिला आणि रेंजवर नेमबाजीला गेला. एवढ्यावरून त्याला तुरुंगवास झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. बंदी जिथल्या तिथे राहिली.

ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू होत नाही. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला जी चूक दंडावर निभावते, ती तुम्हाला घरदार सोडायला लावू शकते.

५. नवरा नागरिक झालाय, त्याचं पिस्तूल घरात आहे. मी एच-वन वर, आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. आम्हाला काही त्रास?

त्याने ठेवणं कायदेशीर आहे. पण हातात धरलं तरच 'ताबा' असं कायदा मानत नाही. वस्तू कुठे आहे हे ठाऊक असणं आणि ती हवी तेव्हा घेता येणं, एवढ्यावरही ताबा ठरू शकतो. त्यामुळे तिजोरी कुलूपबंद, आणि तिचा आकडा फक्त त्याच्याकडे. गाडीतही तेच: तो नसताना त्याचं पिस्तूल खणात असलेली गाडी तुम्ही चालवू नका. नातवंडं घरात असतील तर कायद्याचा विचार बाजूला ठेवूनही हेच करा.

६. चोर काही परवाना काढत नाही. मग परवाना हवाच असं तुम्ही का म्हणता?

परवाना चोरासाठी नसतोच. तो तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी असतो, ज्यांचा हेतू चांगला आहे पण ज्यांना काही माहीत नाही.

एका डिसेंबरमध्ये आमच्याकडे तीस-चाळीस माणसं जेवायला होती. थंडीत इथे कोटांचा ढीग पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर पडतो, आणि मुलं त्याच खोलीत खेळतात. एक सात वर्षांची मुलगी ढिगातून आपला कोट ओढत होती. दुसरा एक जड कोट घसरून खाली पडला आणि लाकडी फरशीवर ठक्क आवाज झाला. खिशात भरलेलं पिस्तूल होतं, होल्स्टरशिवाय, म्हणजे म्यानाशिवाय. ज्यांचा कोट तो गृहस्थ सज्जन आहेत, आमच्या सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून येणारे. पिस्तूल घेऊन महिना झाला होता. वर्ग केला नव्हता, कारण आता लागत नाही. कोट काढला की पिस्तूलही अंगावेगळं होतं, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. आम्हाला वर्गात पहिल्या तासाला सांगितली होती. त्या रात्री मी झोपले नाही.

परवान्याचा वर्ग म्हणजे नुसती नेमबाजी नाही. कुठे नेता येत नाही, कधी कोणावर पिस्तूल रोखणं हाच गुन्हा ठरतो, गोळी झाडल्यावर पुढच्या तासाभरात काय होतं, घरात मुलं असली तर काय करायचं, हे माणूस एकदा तरी बसून ऐकतो. चुकलं तर विचारतो. परवाना गेला की ते बसणंच गेलं. ऐच्छिक वर्ग आजही आहेत, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो तिथे जात नाही.

दुसरं कारण पोलिसांचं. परवान्याविना लपवलेलं पिस्तूल हाच गुन्हा होता तेव्हा भांडण गोळीपर्यंत जाण्याआधी पोलीस हात घालू शकत होते. आता रस्त्यावर थांबवलेल्या माणसाकडे पिस्तूल सापडलं, तरी त्याला बंदी आहे की नाही हे आधी शोधावं लागतं. ओहायोतल्या पोलिसांच्या मोठ्या संघटनेने २०२२ च्या विधेयकाला विरोध केला होता.

तिसरं: दोन व्यक्तींमधल्या खाजगी खरेदीत बऱ्याच राज्यांत काहीच तपासलं जात नाही. अशा पिस्तुलाचा मालक कोण, हे कोणीतरी पाहण्याची एकमेव जागा शेरीफची कचेरी होती.

७. परवान्याच्या विरोधातलं सगळ्यात भक्कम म्हणणं कोणतं? तुम्ही ते ऐकून तरी घेतलंय का?

घेतलंय, आणि त्यातलं बरंच मला पटतं.

१६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्ससमधल्या किलीन गावी एका कॅफेटेरियात बंदूकधाऱ्याने २३ जणांना मारलं. सुझॅना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या टेक्ससमध्ये ते लपवून आत नेणं बेकायदा होतं. त्या हल्ल्यात आईवडील दोघंही गेले. पुढे त्या आमदार झाल्या आणि आयुष्यभर हीच बाजू मांडत राहिल्या. त्यांना कोणत्या तोंडाने चूक म्हणायचं? फक्त एक ध्यानात घ्या: त्या घटनेनंतर, १९९५ मध्ये, टेक्ससने केलेला कायदा परवान्याचा होता, आणि त्यात किमान १० तासांचं प्रशिक्षण होतं. किलीनचा धडा टेक्ससने तेव्हा 'शिकवा आणि द्या' असा घेतला. 'काहीच विचारू नका' हे २०२१ मध्ये आलं.

दुसरं म्हणणं आणखी टोचतं. १९५६ मध्ये माँटगोमरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना असला की ती मर्जी कोणाच्या बाजूने झुकते, हे त्यातून दिसतं. म्हणूनच मर्जीचा परवाना गेला ते योग्य झालं, असं मी मानते.

तिसरं, खर्च आणि वेळ. न्यूयॉर्क शहरात अर्जाचीच फी ३४० डॉलर आहे, वर ठसे आणि प्रशिक्षण. रात्रपाळी करून उशिरा बसने घरी जाणाऱ्या बाईला धोका जास्त आणि पैसे कमी. पेनसिल्वेनियात हाच परवाना २० डॉलरला मिळतो, पण तिथे प्रशिक्षण अजिबात नाही. मला हवा आहे तो परवाना असा: अटी पूर्ण केल्या तर मिळालाच पाहिजे, फी नाममात्र, निकाल ठरलेल्या मुदतीत, वर्ग शनिवारी-रविवारी आणि ज्याला परवडत नाही त्याला फुकट.

८. आकडे काय सांगतात? परवान्याची सक्ती काढून टाकल्याने गुन्हे वाढले की घटले?

'बाळगणारे वाढले की गुन्हे घटतात' हा दावा जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांच्या १९९७ च्या अभ्यासातून पसरला. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळं तपासून सांगितलं की पुराव्यावरून कोणत्याच बाजूचा निष्कर्ष निघत नाही. २०१९ मध्ये जॉन डोनाह्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळगणं सोपं करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदा न बदलता जेवढे असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते. रँड संस्थेच्या आढाव्याचा कलही तिकडेच आहे. मात्र हे अभ्यास मुख्यतः मर्जीच्या परवान्यावरून हक्काच्या परवान्यावर जाण्याबद्दलचे आहेत. परवानाच काढून टाकण्याबद्दल ते थेट बोलत नाहीत, आणि माझ्या बाजूचे लोक हे सांगायचं विसरतात.

आमच्याच ओहायोत महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने बोलिंग ग्रीन विद्यापीठाबरोबर केलेल्या अभ्यासात, कायदा बदलल्यानंतरच्या वर्षात आठपैकी सहा मोठ्या शहरांत बंदुकीचे गुन्हे कमी झाल्याचं आलं. त्याच सुमारास देशभर खून कमी होत होते, त्यामुळे श्रेय कायद्याला देता येत नाही. पण रक्ताचे पाट वाहतील असं जे भाकीत होतं तेही खरं ठरलं नाही. ते मान्य करायला हवं.

आणखी एक आकडा, जो या वादात मागे पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. पिस्तूल आणताना डोळ्यांसमोर परका दरोडेखोर असतो. घरातल्या कोणाची एखादी वाईट रात्र डोळ्यांसमोर नसते.

९. कोलंबसहून पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिरात गाडीने जातो. इथे परवाना लागत नाही, मग तिकडे?

राज्याची हद्द ओलांडली की तिथला कायदा. ओहायोच्या शेजाऱ्यांपैकी इंडियाना, केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात परवाना लागत नाही. पेनसिल्वेनिया आणि मिशिगनमध्ये लागतो, आणि पेनसिल्वेनियात गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवायलाही लागतो. मिशिगन इतर राज्यांच्या रहिवाशांचा त्यांच्या स्वतःच्या राज्याचा परवाना मानतं, पण परवानाच नसेल तर मानायचं काय? एका राज्याचा परवाना देशभर चालावा असं विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये नाही.

न्यू जर्सी बाहेरचा एकही परवाना मानत नाही. एडिसनला नातेवाईक असणाऱ्यांनी हे दारावर लिहून ठेवावं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईला तिथे गाडी चालवताना थांबवलं. पेनसिल्वेनियाचा वैध परवाना होता आणि पिस्तूल असल्याचं तिने स्वतःच सांगितलं. तिला अटक झाली, अनेक वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर राहिली, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

नुसतं गाडीतून पार न्यायचं असेल तर १९८६ चा संघराज्याचा कायदा संरक्षण देतो: पिस्तूल रिकामं, आणि ते व गोळ्या हाताशी येणार नाहीत अशा, म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत. पुढचा खण चालत नाही.

१०. गणपतीचा कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात असतो. सुट्टीचा दिवस, शाळा बंद. मग काय हरकत?

सुट्टी असली तरी इमारत शाळेचीच. आत न्यायचं नाही.

यातला पेच मात्र फार कोणाला ठाऊक नाही. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून १,००० फुटांपर्यंत, सार्वजनिक रस्त्यावरसुद्धा, पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. ज्याच्याकडे त्याच राज्याचा परवाना आहे त्याला सूट आहे. म्हणजे ओहायोत परवान्याशिवाय बाळगणारा माणूस राज्याच्या कायद्यात बसतो, आणि शाळेसमोरच्या रस्त्यावरून गेला की संघराज्याचा कायदा मोडतो. गावातून दूध आणायला जाताना हे किती वेळा होतं ते मोजा. असे खटले क्वचितच होतात, पण व्हिसा-ग्रीन कार्डवाल्यांनी 'क्वचित'वर विसंबू नये (प्रश्न ४).

मंदिराबद्दल: ओहायोत प्रार्थनास्थळाने स्वतः परवानगी दिली नसेल तर आत नेता येत नाही. टेक्ससमध्ये उलट आहे, तिथे मंदिराला मनाईची पाटी लावावी लागते. विश्वस्तांना आधी विचारा, आरतीच्या रांगेत नको.

११. पोलिसांनी गाडी थांबवली तर पिस्तूल आहे हे आपणहून सांगायचं का?

मिशिगनमध्ये लगेच सांगावंच लागतं. ओहायोत २०२२ पासून विचारलं तर खरं सांगायचं. इतर राज्यांचं निघण्याआधी पाहा.

कसं सांगायचं हेही शिकावं लागतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला. आधी बोला, मग विचारा, आणि सांगितल्याशिवाय हात हलवू नका. एवढं करूनही खात्री नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कास्टील यांनी आपल्याजवळ पिस्तूल आहे हे अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं. परवाना होता. काही क्षणांत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि तो अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. आपली सावळ्या रंगाची मुलं इथे गाडी चालवतात, म्हणून हे लिहिताना माझा हात जड होतो.

१२. ओहायोत गांजा कायदेशीर झालाय. अधूनमधून घेतो. अडचण?

आहे. डिसेंबर २०२३ पासून राज्यात मोकळीक आहे, संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि त्या कायद्याने अमली पदार्थ घेणाऱ्याला शस्त्रबंदी आहे. खरेदीच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिणं हा आणखी एक गुन्हा. दारूचं सोपं आहे: ओहायोत बारमध्ये पिस्तूल नेलंत तर थेंबही घ्यायचा नाही.

१३. सक्ती नाही, तरी परवाना काढू का?

काढा. ओहायोत तो आजही मिळतो. इतर राज्यांत उपयोगी पडतो (प्रश्न ९), शाळेजवळच्या रस्त्याचा पेच सुटतो (प्रश्न १०), आणि आठ तास कोणीतरी तुम्हाला शिकवतं. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही वर्गाला न्या, त्याला पिस्तूल नको असलं तरी. मात्र तो तात्पुरत्या व्हिसावर असेल तर वर्गातल्या पिस्तुलालाही हात लावता येणार नाही (प्रश्न ४).

१४. विमानाने भारतात जाताना काही खबरदारी?

अमेरिकेचा कोणताही परवाना भारतात चालत नाही. तेव्हा पिस्तूल नेण्याचा विचारही नको. खरा धोका विसरलेल्या वस्तूंचा असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं.

भारतात तर एक सुटं काडतूस पुरतं. शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, पासपोर्ट अडकू शकतो, आणि परतीचं विमान निघून जातं. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तिथवर पोचायला वकील आणि महिने लागतात. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरावीच लागली तर दिवाणखान्यात पूर्ण उलटी करा, प्रत्येक कप्प्यात आणि अस्तराच्या शिवणीत बोटं घालून पाहा, आणि मगच लाडवांचे डबे भरायला घ्या.